हाउसिंगच्या काचेवर आतून वाफ धरते: पाणी शिरलं की हवाच दमट?

पाण्याखाली फोटो काढायला कॅमेरा ज्या हवाबंद कवचात ठेवतात ते हाउसिंग. त्याबद्दलची तक्रार बहुतेकांची एकाच चालीची असते. पहिली दहा मिनिटं फोटो स्वच्छ येतात. मग मधोमध दुधाळ गोल दिसायला लागतो आणि हळूहळू सगळी चौकटच धूसर होते. वर येऊन हाउसिंग उघडावं तर आत थेंब नाही. दुसऱ्या डाइव्हला तेच, पुढच्या सहलीलाही तेच. मग ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या खाचेत बसणारी रबरी रिंग, बदलली जाते, तिच्यावर ग्रीस थापलं जातं, कधी नवं हाउसिंगही येतं. वाफ जागच्या जागी. कारण यातल्या बऱ्याच वेळा ओ-रिंगचा काही दोषच नसतो. ती पाण्याला आत येऊ देत नाही, तशी आत कोंडलेल्या दमट हवेला बाहेरही जाऊ देत नाही. ज्या शहरात पावसाळ्यात डब्यातले पापड सादळतात आणि मिठाला पाणी सुटतं, तिथे हाउसिंग कुठे आणि केव्हा बंद केलं यावरच फोटोंचं भवितव्य ठरतं.

आधी वाफ कुठे आहे ते बघा

पाण्याखाली असतानाच टॉर्चचा प्रकाश काचेवर तिरका पाडून पाहायचं. पोर्टच्या, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेच्या, आतल्या बाजूला बारीक दव असेल, तर पुढचं सगळं वाचा. बाहेरून बसवलेल्या वेट लेन्स आणि पोर्टच्या मधे बुडबुडे अडकले असतील, तर ती वाफ नव्हेच. लेन्स पाण्यातच काढून, एकदा हलवून परत बसवली की काम झालं. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्समध्ये, भिंगांच्या मधल्या थरात धूसरपणा असेल, तर हाउसिंगला दोष देऊ नका. तो कॅमेऱ्यात शिरलेला ओलावा असतो किंवा बुरशी, आणि त्याला सर्व्हिस सेंटरच लागतं.

वेळ आणि ठिकाणही बरंच सांगून जातं. उन्हात तापलेलं हाउसिंग पाण्यात टाकताक्षणी धूसर झालं तर कारण उष्णता. दहा-पंधरा मिनिटांनी, विशेषतः व्हिडिओ घेताना, किंवा खाली एखादा गार थर लागल्यावर धूसर झालं तर आतली दमट हवा. दर डाइव्हनंतर तळाशी थेंब सापडत असतील आणि ते वाढत असतील तर मात्र गळती. शंका वाटली तर तो थेंब काळ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर सुकू द्या. पांढरा डाग राहिला तर खारं पाणी, म्हणजे समुद्रच आत आलाय. डाग राहिला नाही तर ते हवेतलंच पाणी. ज्या हाउसिंगमध्ये गळतीची सूचना देणारा सेन्सर असतो त्याचं तत्त्वही हेच: खारं पाणी दोन टोकांमधून वीज वाहू देतं. नुसत्या दवाने तो सहसा वाजत नाही, म्हणून वाफ धरली तरी दिवा लागत नाही. सेन्सर बिघडलाय असं त्यावरून ठरवू नका.

हिशेब मिलिग्रॅमचा आहे

तीस अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही मुंबईत वर्षाचे कित्येक महिने साधी गोष्ट आहे. अशा एक लिटर हवेत सुमारे २४ मिलिग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं आणि साधारण २६ अंशांना ते काचेवर बसू लागतं. कोकण किनाऱ्यावर किंवा अंदमानात पाणी २७-२८ अंश असेल, तर कागदोपत्री वाफ धरायलाच नको. पण हे अंतर एक-दोन अंशांचंच आहे. २७ अंशांना एक लिटर हवा जेमतेम २६ मिलिग्रॅम पाणी धरू शकते, म्हणजे २४ वर आणखी दोन मिलिग्रॅमची भर पडली की संपलं.

आता पाण्याचा एक साधा थेंब घ्या. तो सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे लिटरभर हवेत मावणाऱ्या सगळ्या वाफेच्या जवळजवळ दुप्पट. छोट्या कॅमेऱ्याच्या हाउसिंगमध्ये कॅमेरा बसल्यावर उरणारी मोकळी जागा तर अर्धा लिटरही नसते. दोन डाइव्हच्या मधे बोटीवर बॅटरी बदलताना केसांतून, वेटसूटच्या बाहीवरून किंवा बोटांच्या टोकावरून पडलेला एक थेंब सगळं बिघडवायला पुरतो. समस्या वारंवार येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण थेंब आत पडताना दिसत नाही.

दुसरं लपलेलं कारण म्हणजे प्लॅस्टिक. कॅमेऱ्याचं अंग, हाताचा पट्टा, हाउसिंगचं पॉलिकार्बोनेट, सगळं थोडा ओलावा धरून ठेवतं आणि कॅमेरा तापला की सोडतं. मनगटाचा कापडी पट्टा तर सरळ स्पंज आहे. तो काढूनच कॅमेरा आत ठेवायचा. शिवाय पट्टा ओ-रिंगखाली अडकतो तो वेगळाच.

बंद करायची जागा: एसीची खोली, आदल्या रात्री

एसी लावून खोली २४ अंशांवर आणि ५० टक्के आर्द्रतेच्या आसपास आणली, तर त्याच एक लिटर हवेत ११ मिलिग्रॅमच पाणी उरतं आणि ते बसायला १३ अंशांचा गारवा लागतो. आपल्या किनाऱ्यावर तेवढं गार पाणी मिळत नाही. खोलीतली एवढी तयारी बाकी कुठल्याही उपायापेक्षा जास्त कामाची आहे.

दारं-खिडक्या बंद करून एसी किमान एक तास चालवा, ड्राय मोड असेल तर तो. शेजारचं बाथरूम उघडं नको, खोलीत वाळत घातलेले कपडे नकोत. काही शे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) घ्या आणि आकडा ५० च्या खाली किंवा जवळपास आल्यावरच पुढे जा. एसी लावला म्हणजे हवा कोरडी झाली, हा समज जुलैत अनेकदा खोटा ठरतो. कॅमेरा आणि उघडं हाउसिंग याच खोलीत दोन तास ठेवा, कॅमेऱ्याचं बॅटरीचं दार उघडं ठेवून, म्हणजे त्याच्या पोटातली हवाही बदलते. बॅटरी पूर्ण चार्ज, कार्ड रिकामं, तारीख-वेळ बरोबर, फ्लॅशची सेटिंग ठरलेली. हे सगळं आधी उरका, कारण नंतर उघडायचं नाहीये. मग हात धुऊन, पूर्ण कोरडे करून हाउसिंग बंद करा.

घरी एसी नसेल तर मोठा हवाबंद डबा घ्या. त्यात तळाला ओलावा शोषणारी सिलिका जेल, १०० ग्रॅम, ताजी सुकवलेली, वर जाळी किंवा ताटली, तीवर उघडं हाउसिंग, कॅमेरा आणि हायग्रोमीटर. रात्रभर ठेवून सकाळी आकडा ४० च्या खाली दिसला की झाकण काढून मिनिटाच्या आत हाउसिंग बंद करा. मधे चहा प्यायला जाऊ नका.

मालवणला जाणाऱ्यांना यात एक सोय आहे. रात्रीच्या कोकणकन्येने कुडाळला उतरून पुढे जायचं असेल, तर हाउसिंग मुंबईतच, निघायच्या आधी बंद करून ठेवता येतं. प्रवासाचे दहा-बारा तास सिलिकाला आतला उरलासुरला ओलावा ओढायला मिळतात. विमानाने जाणाऱ्यांनी मात्र असं करू नये. उडताना केबिनमधला दाब कमी होतो, उतरताना वाढतो आणि बंद हाउसिंगच्या झाकणाला विनाकारण ताण पडतो, काही वेळा ते उघडतच नाही. विमानात हाउसिंगची कडी सैल ठेवा किंवा मुख्य ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि हॉटेलच्या एसी खोलीत बंद करा.

एसीचा एक उलटा फटका असतो. गार खोलीतला गार कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत उघडला की त्याच्या सगळ्या अंगावर दव धरतं. हाउसिंग बंद असेल तर हे दव बाहेरच्या बाजूला बसतं, ते निरुपद्रवी आहे, पुसायचं आणि विसरायचं. कॅमेरा मोकळा असेल तर तो बॅगेतच बंद ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

सिलिकाची पुडी: आधीच सादळलेली

पुडी घातली होती, तरी वाफ धरली, हे वाक्य ऐकलं की पुडीचं वय विचारावं. बुटांच्या खोक्यातून किंवा औषधाच्या बाटलीतून जपून ठेवलेली पुडी मुंबईत काही दिवसांतच पोटभर पाणी पिऊन बसलेली असते. ताजी सिलिका आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं पाणी आरामात घेते, म्हणजे १ ग्रॅमची पुडी २०० मिलिग्रॅम. वरच्या हिशेबात हे कित्येक पट जास्त आहे, म्हणून छोट्या हाउसिंगला १-२ ग्रॅमच्या दोन पुड्या पुरतात. पण ताज्या.

ताजी कशी ओळखायची? सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. पुडी सुकवल्यावर तिचं वजन पेनाने तिच्यावरच लिहून ठेवा. ५ ग्रॅमची पुडी पावणेसहाच्या पुढे गेली की ती परत सुकवायची. रंग बदलणारे दाणे असतील तर नारिंगीचे हिरवे किंवा निळ्याचे गुलाबी झाले की वेळ आली. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला घातक मानलं जातं, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांपासून लांबच ठेवा. शक्यतो नारिंगीच घ्या.

सुकवायला ओटीजी ११० अंशांवर, दीड ते दोन तास. त्याहून जास्त तापवलं तर नारिंगी रंगाचा सूचक जळतो. प्लॅस्टिकच्या पातळ वेष्टनातल्या पुड्या ओव्हनमध्ये घालू नका, वितळतात. गरम पुड्या उघड्यावर गार करायच्या नाहीत, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत टाकायच्या. सुटे दाणे प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत किलोने मिळतात. ते साठवणुकीच्या डब्यासाठी उत्तम, पण कापडात बांधून हाउसिंगमध्ये घालायचा मोह टाळा. दाण्यांची भुकटी आणि कापडाचे तंतू ओ-रिंगवर बसतात, आणि मग वाफेच्या उपायातून गळती तयार होते.

पुडी ठेवायची ती लेन्सच्या हालचालीपासून आणि झाकणाच्या फटीपासून दूर, दुहेरी चिकटपट्टीने चिकटवून. सैल पुडीचा कोपरा ओ-रिंगखाली दबून पूर्ण कॅमेरा बुडाल्याचे प्रकार होतात.

बोटीवर

सावली, सावली आणि सावली. पारदर्शक हाउसिंग उन्हात ठेवलं की आत काचघर तयार होतं. ओल्या पांढऱ्या टॉवेलखाली किंवा तुमच्या स्वतःच्या गोड्या पाण्याच्या बादलीत ते बुडवून ठेवा. बोटीवरच्या सामाईक टबात नको. तिथे वीस मास्क, चार कॅमेरे आणि कोणाची तरी पायात घालायची पंखं एकमेकांवर आदळत असतात. पाण्यात उतरण्याआधी दोन-तीन मिनिटं हाउसिंग बादलीत राहिलं की काच आणि कॅमेरा एका तापमानाला येतात.

कॅमेरा स्वतः हीटर आहे. दोन शॉटच्या मधे बंद करा, वाय-फाय आणि जीपीएस बंद, स्क्रीनचा प्रकाश पुरेल एवढाच. लांबलचक फोर-के व्हिडिओ घेणाऱ्यांना वाफेचा त्रास फोटो घेणाऱ्यांपेक्षा जास्त होतो, त्यामागे हेच.

मधे उघडावंच लागलं तर केसांना कोरडा टॉवेल गुंडाळा, वेटसूटची बाही कोपरापर्यंत वर करा, हाउसिंगच्या फटीतलं पाणी पुसा, आणि झाकण खालच्या बाजूला धरून उघडा, म्हणजे कडेवर लपलेला थेंब कॅमेऱ्याकडे न जाता बाहेर पडतो. डाइव्हच्या टाकीतली हवा अतिशय कोरडी असते. बीसीडीच्या (डाइव्हच्या फुगणाऱ्या जॅकेटच्या) नळीला लावायचं हवेचं छोटं नोझल जवळ असेल, तर आधी नळीतलं पाणी बाहेर उडवून टाका आणि मग अगदी मंद झोताने हाउसिंगमधली हवा बदला. जोराचा झोत वाळू ओ-रिंगच्या खाचेत नेऊन बसवतो. मास्कला थुंकी लावायची युक्ती पोर्टच्या आतल्या बाजूला वापरू नका. तिथे आवरण असेल तर ते खराब होतं, आणि पाणी तर तुम्ही स्वतःच आत घातलेलं असतं.

पांढरा डाग पडला, म्हणजे गळती आहे

घाबरायचं कारण नाही, पण कॅमेरा घालून प्रयोग करू नका. हाउसिंग रिकामं बंद करा. आत झाकणाच्या कडेला, प्रत्येक बटणाखाली आणि पोर्टच्या गळ्याशी टिश्यूच्या पट्ट्या ठेवा, पट्ट्यांवर शाईच्या पेनाने ठिपके काढा. बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, वर वजन ठेवा, कारण लिटरभर रिकामी जागा किलोभर जोराने वर येते. मधूनमधून प्रत्येक बटण दाबा. ज्या पट्टीवरची शाई फुटली तिथून पाणी आलं. बादलीत काही सापडलं नाही तर रिकामं हाउसिंगच पहिल्या डाइव्हला खाली न्या.

बऱ्याच जणांना वाटतं खोल गेल्यावरच गळती होते. उलट दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो आणि तो झाकण आणखी घट्ट दाबतो. नीट न बसलेली ओ-रिंग पृष्ठभागावर, उडी मारताना किंवा बादलीत जास्त दगा देते.

मुख्य ओ-रिंग काढताना पिन किंवा चाकू नको, जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा कोपरा वापरा. बोटांमधून हळूच फिरवा, खडा लागला तर बोटाला कळतो. खाच बघताना टॉर्च तिरका धरा. केस, वाळू, टॉवेलचा तंतू, कानकाडीचा कापूस, यांतलं काहीतरी असतंच. ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, पूर्ण रिंगला मिळून. रिंग चमकली पाहिजे, पांढरी दिसता कामा नये. जास्त ग्रीस सील करत नाही, कचरा गोळा करतं. ग्रीस हाउसिंगच्या कंपनीचंच, कारण सिलिकॉनच्या काही रिंग चुकीच्या सिलिकॉन ग्रीसने फुगतात, आणि व्हॅसलिन अनेक रबरांना फुगवतं. नागदेवी स्ट्रीटवर मापाच्या ओ-रिंग हव्या तेवढ्या मिळतील, पण त्या यंत्रांसाठी बनवलेल्या असतात. जाडीत आणि कडकपणात थोडा फरक पडला तरी झाकण बसतं आणि पाणी शिरतं. इथे पैसे वाचवू नका.

बटणांमधून गळती असेल तर दोष मिठाचा. दिवस संपला की गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून प्रत्येक बटण वीस वेळा दाबायचं. खारं हाउसिंग वाळू दिलं की मिठाचे स्फटिक दांड्याच्या बारीक ओ-रिंगला करवतीसारखे घासतात.

व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बसवता येत असेल तर जरूर बसवा. हातपंपाने आतला दाब २०० ते २५० मिलिबारने कमी करायचा आणि अर्धा तास वाट पाहायची. आकडा टिकला तर हाउसिंग हवाबंद आहे. पाण्यात उतरण्याआधीच कळतं, हे महत्त्वाचं. झाकण पृष्ठभागावरही घट्ट राहतं आणि पाव हवा काढल्याने पाव ओलावाही जातो. एसी खोलीतून ३४ अंशांच्या डेकवर आलात तर आतली हवा फुगून आकडा सुमारे २५ मिलिबारने उतरतो. ती गळती नव्हे. सावलीत ठेवून परत बघा.

अजून घ्यायचंच असेल तर

वाफेचा त्रास खरेदीच्या दिवशीच निम्मा ठरतो. काच प्लॅस्टिकच्या पाचपट, आणि ॲल्युमिनियम शेकडो पट सहज उष्णता वाहून नेतं. पॉलिकार्बोनेटच्या हाउसिंगमध्ये सगळ्यात गार भाग म्हणजे काचच, म्हणून दव तिच्यावर पहिलं बसतं. ॲल्युमिनियममध्ये भिंती गार होतात, दव तिथे बसतं आणि फोटो वाचतो. ॲल्युमिनियम महाग आणि जड आहे, पण मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि लांब व्हिडिओ हवा असेल तर तेच बरं.

पहिल्या कॅमेऱ्यासाठी आमचा कौल ऑलिम्पस टीजी-६ किंवा ओएम सिस्टम टीजी-७ ला. ते हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतात आणि दोघांनाही चालणारं पीटी-०५९ हाउसिंग ४५ मीटरचं आहे. हाउसिंग गळलं तरी कॅमेऱ्याची स्वतःची दारं दुसरी तटबंदी असतात. सोनीच्या आरएक्स-१०० मालिकेचा फोटो सरस, पण तिथे ही दुसरी तटबंदी नाही. मालवणच्या पाण्यात दृश्यता बहुधा मोजक्याच मीटरची असते. तिथे टीजीचा जवळून फोटो घ्यायचा मायक्रोस्कोप मोड मोठ्या सेन्सरपेक्षा जास्त कामाला येतो.

गोप्रोच्या अलीकडच्या हिरो ब्लॅक मॉडेलना हाउसिंगशिवाय १० मीटरची मर्यादा आहे, डाइव्ह हाउसिंग घातलं की ६० मीटर. नुसतं स्नॉर्केलिंग असेल तर हाउसिंग काढून टाकणं हाच वाफेवरचा उपाय. पाणी कॅमेऱ्याला थेट गार करतं. सीलाइफ मायक्रो ३.० तर कारखान्यातच कायमचा सील केलेला येतो, त्याला उघडायचं दारच नाही. म्हणून ओ-रिंगची कटकट नाही, पण बॅटरी आणि कार्डही बदलता येत नाही.

फोर्टात बोरा बाजारात कॅमेरा घेताना हाउसिंग त्याच मॉडेलचं आहे का, ते तिथल्या तिथे बसवून बघा. एका पिढीच्या फरकाने बटण अर्धा मिलिमीटर सरकलेलं असतं. सोबत दोन मुख्य ओ-रिंग आणि ग्रीसची ट्यूब त्याच बिलात घ्या. नंतर ऐन सीझनमध्ये, ऑक्टोबर ते मे या काळात, त्या मिळतीलच असं नाही.

आणि डाइव्ह चालू असताना आत पाणी डोलताना दिसलं, तर काच खाली करून धरा, म्हणजे पाणी पोर्टमध्ये साचतं आणि कॅमेऱ्याच्या पाठीशी बॅटरी जरा वेळ कोरडी राहते. कॅमेऱ्यासाठी सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना सुरक्षिततेसाठी मधे घ्यायचा थांबा, चुकवू नका. वर आल्यावर कॅमेरा चालू करून बघायचा नाही. टीजीसारखा असेल तर दारं न उघडता गोड्या पाण्यात धुवा, पूर्ण पुसा, मगच उघडा. इतर कॅमेऱ्याची बॅटरी लगेच काढा. खाऱ्या पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरल्याने आतलं मीठ निघत नाही, तांदळाची पूड मात्र लेन्सच्या नळीत जाते.